गोंदण व अंगवेध : ख्रिस्ती दृष्टिकोन

गोंदण व अंगवेध : ख्रिस्ती दृष्टिकोन. त्वचेत सुईने रंगद्रव्य घालून कायमची आकृती उमटविणे यास गोंदणे आणि दागिना घालण्यासाठी कान, नाक इ. अवयवांना छिद्र पाडणे यास अंगवेध म्हणतात. या दोन्ही प्रथा ख्रिस्ती धर्माहून पुष्कळ प्राचीन आहेत. त्यांविषयी सर्व ख्रिस्ती पंथांना बंधनकारक असा एकच नियम कधीही झालेला नाही. कोठे गोंदण हे निषिद्ध मूर्तिपूजकांचे चिन्ह ठरले, तर कोठे तेच ख्रिस्ती असल्याची खूण ठरले. कर्णवेधाला बहुतेक ठिकाणी मूक संमती मिळाली, तर काही पंथांनी त्यावरील दागिन्यांसह त्याचा त्याग केला. महाराष्ट्रात, विशेषतः वऱ्हाडात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जो ख्रिस्ती समाज तयार झाला, त्याच्या बाबतीत हा प्रश्न ग्रंथातील वचनापुरता राहिला नाही. धर्मांतर केलेल्या स्त्रीने नथ ठेवावी की काढावी आणि तिच्या हातावरील तुळशीवृंदावनाचे काय समजावे, असे त्याचे प्रत्यक्ष स्वरूप होते.

बायबलमधील आधार : गोंदणाच्या विरुद्ध नेहमी दाखविले जाणारे वचन ‘जुन्या करारा’तील लेवीय या पुस्तकात आहे (१९:२८). मृतांसाठी अंगावर जखमा करून घेणे आणि अंगावर खुणा उमटवून घेणे या दोहोंना तेथे एकत्रच मनाई केली आहे. त्यातील खुणेविषयीचा मूळ हिब्रू शब्द सबंध ‘जुन्या करारा’त या एकाच ठिकाणी येतो. त्यामुळे त्याचा नेमका अर्थ ठरविणे कठीण आहे. शेजारच्या वचनांत दाढीच्या कडा कापणे, शकुन पाहणे, भुताखेतांना विचारणे यांचा निषेध असल्याने हा नियम शोकविधी आणि परकीय उपासना यांच्याविरुद्ध असावा, असे बहुतेक भाष्यकार मानतात. बआल देवाचे पुजारी स्वतःच्या अंगावर वार करून घेत असल्याचे वर्णन १ राजे (१८:२८) या पुस्तकात आले आहे, त्यावरून या मतास पुष्टी मिळते.

भाषांतराचा येथे एक विशेष परिणाम झाला आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात या ठिकाणी केवळ ‘खुणा’ असा अर्थ घेतलेला आहे. गोंदणाला इंग्रजीत रूढ असलेला शब्द पॉलिनीशियन भाषांतून कॅप्टन कुकच्या सफरींनंतर, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्या भाषेत शिरला. त्यामुळे कित्येक पिढ्यांच्या इंग्रज वाचकांना हे वचन दूरच्या एखाद्या प्राचीन रूढीसंबंधी वाटले असल्यास नवल नाही. प्रचलित मराठी भाषांतरात मात्र ‘गोंदणे’ याच क्रियापदाची योजना आहे. मराठी वाचकाला आपल्या आईच्या कपाळावरील आणि आजीच्या दंडावरील हिरव्या खुणाच तेथे नावानिशी निषिद्ध केलेल्या दिसतात. एकाच वचनाचे वजन दोन भाषांत असे वेगवेगळे पडले आहे.

‘जुन्या करारा’तच याच्या उलट सूर लावणारी स्थळेही आहेत. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वराचा म्हणविणारा मनुष्य आपल्या हातावर त्याचे नाव लिहील, असा उल्लेख असून (४४:५), परमेश्वराने आपल्या प्रजेला स्वतःच्या तळहातावर कोरून ठेवल्याची प्रतिमाही आढळते (४९:१६). यहेज्केलच्या दृष्टांतात नगरीतील अनाचाराबद्दल शोक करणाऱ्यांच्या कपाळावर रक्षणाची खूण केली जाते (९:४). ‘नव्या करारा’त गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल आपल्या शरीरावर येशूच्या खुणा असल्याचे सांगतो (६:१७). ग्रीक व रोमन जगात गुलामांच्या व गुन्हेगारांच्या अंगावर उमटविलेल्या डागांना जो शब्द होता, तोच त्याने वापरला आहे; मात्र त्याचा रोख छळात झालेल्या जखमांच्या व्रणांकडे असावा. प्रकटीकरणात कपाळावर श्वापदाची खूण धारण करणारे आणि कोकऱ्याचे नाव धारण करणारे असे दोन समूह समोरासमोर येतात (१३:१६, १४:१). खूण असणे वा नसणे याहून ती कोणाची आहे, हा विचार या सर्व स्थळी प्रधान आहे.

अंगवेधाविषयी बायबलमध्ये सरळ निषेध कोठेच नाही. अब्राहामाच्या सेवकाने रिबकेला सोन्याची नथ दिल्याची कथा उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात आहे. यहेज्केलच्या ग्रंथात परमेश्वर स्वतः यरुशलेमरूपी वधूला नाकात व कानांत दागिने घालतो (१६:१२). निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायानुसार सुटका नाकारून धन्याकडेच राहू इच्छिणाऱ्या दासाचा कान दाराशी नेऊन आरीने टोचावयाचा असे. याउलट, याकोबाच्या घरच्यांनी परक्या देवांच्या मूर्तींबरोबर कानांतील कुंडले काढून दिली व ती त्याने शखेमजवळच्या झाडाखाली पुरली, अशीही कथा आहे (उत्पत्ती ३५:४). सोन्याचे वासरू ओतले गेले, तेही कुंडलांचेच (निर्गम ३२). ‘नव्या करारा’त १ तीमथ्य (२:९) आणि १ पेत्र (३:३) या पत्रांत स्त्रियांनी केशरचना, सोने व मोलवान वस्त्रे यांपेक्षा अंतःकरणाच्या शोभेकडे लक्ष द्यावे, असा उपदेश आहे. पुढे साध्या पेहेरावाचा आग्रह धरणाऱ्या पंथांनी मुख्य आधार घेतला तो या दोन वचनांचा.

चर्चचा इतिहास : रोमन सम्राट कॉन्स्टंटीन याने चौथ्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दंडितांच्या चेहऱ्यावर डाग उमटविण्यास बंदी केली. मनुष्याच्या मुखात स्वर्गीय सौंदर्याचे प्रतिबिंब असते, म्हणून ते विद्रूप करू नये, असे कारण त्या हुकमात दिलेले आहे. हातापायांवरील डागांना मात्र तो लागू नव्हता. सहाव्या शतकाच्या सुमारास गाझा येथील प्रोकोपियस या भाष्यकाराने अनेक ख्रिस्ती लोक मनगटावर किंवा दंडावर क्रुसाचे चिन्ह अथवा ख्रिस्ताचे नाव उमटवून घेतात, असे नमूद केले आहे. इ. स. ७८७ मध्ये इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया येथे पोपच्या प्रतिनिधींनी घेतलेल्या धर्मसभेने मूर्तिपूजकांच्या पद्धतीने अंग रंगविण्याचा धिक्कार केला. त्याच निर्णयात, कोणी असे परमेश्वराप्रीत्यर्थ सोसले तर त्याला मोठे फळ मिळेल, असा अपवादही होता. पहिला भाग वारंवार उद्‌धृत केला जातो व दुसरा वगळला जातो. शिवाय त्याच वर्षी निसीया येथे भरलेल्या दुसऱ्या महासभेशी या निर्णयाची गल्लत अनेक पुस्तकांत झालेली दिसते.

इजिप्तमधील कॉप्ट ख्रिस्ती लोकांत उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस लहानसा क्रूस गोंदविण्याची चाल अद्याप आहे. इथिओपिया व एरिट्रिया येथील काही भागांतील स्त्रियांच्या कपाळावर क्रूस गोंदलेला आढळतो. बॉस्नियातील कॅथलिक स्त्रियांनी तुर्की अमदानीत हात व छाती यांवर क्रूस गोंदविण्याची चाल जपली. यरुशलेमच्या यात्रेची खूण म्हणून दंडावर गोंदून घेण्याचा प्रघात यूरोपीय यात्रेकरूंतही होता. फ्रेंच प्रवासी झां द तेव्हनो याने १६५८ मध्ये आपण असे गोंदवून घेतल्याचे लिहिले आहे. यासाठी लाकडी ठशांनी आधी आकृती उमटवीत. ख्रिस्ती समाज जेथे अल्पसंख्य होता आणि धर्म बदलण्याचा दाब होता, तेथे न पुसणारी खूण उपयोगी पडली. जेथे तो समाज सत्तेवर होता किंवा नव्याने घडत होता, तेथे गोंदण हे सोडून आलेल्या धर्माचे अवशेष मानले गेले. नागा टेकड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनच्या प्रभावाखाली गोंदण मागे पडले, ते याच कारणाने. नरमुंडशिकारीशी त्याचा निकट संबंध होता.

भारतातील पहिला स्पष्ट नियम कर्णवेधाविषयी झाला व त्याची सूत्रे गोव्यातून हलली. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी १५९९ मध्ये केरळातील उदयंपेरूर येथे भरविलेल्या धर्मसभेने तेथील सिरियन ख्रिस्ती पुरुषांना कान टोचण्यास व कानाची पाळी वाढविण्यास मनाई केली. नायरांपासून ख्रिस्ती माणूस बाह्यतः वेगळा ओळखू यावा, हा हेतू होता. स्त्रियांना मात्र या नियमातून सूट मिळाली, कारण त्यांच्यात हा दागिना सार्वत्रिक होता. कान टोचण्यात पाप आहे, असे त्या सभेने म्हटले नाही. वेगळेपणाची निशाणी तिला हवी होती. जेझुइट मिशनरी रॉबर्ट द नोबिली याच्या मदुरेतील प्रयोगानंतर पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ मध्ये जानवे, शेंडी, गंध इ. गोष्टींना त्यांतील धार्मिक अर्थ काढून टाकण्याच्या अटीवर परवानगी दिली. १७०४ मध्ये पोपचे प्रतिनिधी द तूर्नाँ यांनी पाँडिचेरी येथे काढलेल्या आज्ञापत्रात वधूच्या ताळीवर पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, आकृती असू नये, क्रूस किंवा ख्रिस्ती प्रतिमा असावी, असे फर्माविले. पुढे महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती घरांत मंगळसूत्राला क्रूस जोडला गेला, तो याच तडजोडीचा एक प्रकार होय.

वसई परिसर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेथील कॅथलिक समाजाने भाषा, लुगडे आणि दागिने यांपैकी फारसे काही टाकले नाही. सामवेदी व ईस्ट इंडियन स्त्रियांच्या कानांत जे सोने दिसे, त्यासाठी पाळीला आणि कानाच्या वरच्या कडेलाही छिद्रे पाडावी लागत. त्याला धर्मगुरूंचा विरोध झाल्याचे दिसत नाही. कॅथलिक परंपरेत शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे या वचनाचा (१ करिंथकर ६:१९) उपयोग शरीराची विटंबना व व्यभिचार यांच्याविरुद्ध करण्यात आला. पाळीतल्या छिद्राला तो कोणी फारसा लावला नाही.

वऱ्हाड व बुलढाणा जिल्हा : वऱ्हाडातील परिस्थिती वेगळी होती. हा प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने अकोला, खामगाव इ. ठिकाणी काम सुरू केले. बुलढाणा हे विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या अमेरिकन मिशनचे ठाणे झाले, त्याची मातृसंस्था १९०७–०८ च्या विलीनीकरणानंतर नाझरीन चर्चचा भाग बनली. लेटन ट्रेसी हे या मिशनचे येथील आरंभीच्या मिशनऱ्यांपैकी एक होत. चिखली तालुक्यातील अमडापूर हे गाव खामगाव-चिखली मार्गावर, म्हणजे या दोन मिशनांच्या क्षेत्रांच्या मध्ये पडते. बल्लाळदेवीच्या स्थानाबद्दल ते प्रसिद्ध आहे. अशा देवस्थानांच्या यात्रा आणि आठवड्याचे बाजार ही या भागात गोंदणारणींची नेहमीची जागा होती. धान्य, जुने लुगडे किंवा काही पैसे घेऊन त्या सुयांच्या जुडीने व काजळीच्या मिश्रणाने तुळस, वृंदावन, लक्ष्मीची पावले, विंचू, नवऱ्याचे किंवा देवाचे नाव अशा आकृती काढून देत. मेल्यावर सोने येथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत सर्वत्र होती. गोंदण नसलेल्या स्त्रीला परलोकी जाब द्यावा लागतो, असेही म्हणत.

कान टोचण्याचे काम सोनाराचे. सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाही, ही म्हण त्यावरूनच पडली. कर्णवेधाची गणना हिंदू संस्कारांत होत असून त्याची शस्त्रक्रिया सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. नाक टोचण्यामागे मात्र केवळ शोभा नव्हती. ज्यांची मुले जगत नसत, ते नवसाने झालेल्या मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालीत, म्हणजे दृष्ट लावणाऱ्या शक्तीला तो मुलगी वाटावा. नथू, नथोबा ही नावे या चालीतून आली. मिशनऱ्यांचा आक्षेप प्रथम आला तो अशा नवसाच्या वेधाला व देवदेवतांच्या गोंदणाला. हा आक्षेप धर्मदृष्ट्या समजण्याजोगा आहे.

नाझरीन चर्चचा दुसरा आक्षेप वेगळ्या उगमातून आला. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७४३ मध्ये आपल्या अनुयायांसाठी जे सर्वसामान्य नियम तयार केले, त्यांत सोने व भारी वस्त्रे वापरू नयेत, असे एक कलम होते. इंग्लंडमधील व्यापारी व कारागीर वर्गात वाढणारा दिखाऊपणा हे त्याचे लक्ष्य होते. वाचलेला पैसा गरिबांना द्यावा, अशी त्यांची शिकवण होती. अमेरिकेतील पावित्र्यवादी पंथांनी हे कलम उचलले व नाझरीन चर्चच्या नियमपुस्तकात तीमथ्य व पेत्र यांच्या आधारासह साध्या पेहेरावाचा नियम आला. त्याआधीच, १८३१ मध्ये, ब्रह्मदेशातील बॅप्टिस्ट मिशनरी अडोनायरम जडसन यांनी आपल्या देशातील ख्रिस्ती स्त्रियांना उघड पत्र लिहून दागिने सोडण्याचे आवाहन केले होते. कारेन स्त्रियांना दागिने काढावयास सांगताना मायदेशातील ख्रिस्ती स्त्रियांचेच उदाहरण आड येते, अशी त्यांची तक्रार होती.

लंडन-ब्रिस्टलच्या पेठांसाठी केलेले हे कलम वऱ्हाडच्या गावात लागू झाले, तेव्हा त्याचा अर्थ पालटला. शेतमजूर कुटुंबातील स्त्रीच्या नाकातील चमकी किंवा कानांतील बाळ्या ही बहुधा तिच्या नावची एकमेव मत्ता असे. दुष्काळात गहाण पडे ती तीच. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांची आठवण ताजी असताना तिला हा मानभावी डामडौल म्हणणे अन्यायाचे होते. त्याहून बिकट गोष्ट अशी की, मोकळे नाक, मोकळा गळा व कुंकवाविना कपाळ ही गावाच्या दृष्टीने वैधव्याची लक्षणे होती. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात उच्चवर्णीय विधवेचे दागिने उतरविण्याच्या चालीवर जो प्रहार केला, त्याला मिशनरी जगतात मोठा प्रतिसाद मिळाला होता. त्याच जगातील काही पंथांनी नवदीक्षित सुवासिनीला दागिने उतरविण्यास सांगावे, यातील विसंगती त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. प्रॉटेस्टंट मराठी कुटुंबांत पुढे कुंकू सुटले आणि मंगळसूत्र पुष्कळ ठिकाणी राहिले, त्याचे कारण येथे शोधावे लागते.

तरीही दागिन्यांचा त्याग केवळ बाहेरून लादला गेला, असे म्हणणे एकांगी होईल. वऱ्हाडातील ख्रिस्ती समाजात महार, मांग इ. जातींतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. या जातींच्या स्त्रियांचे कथील व चांदीचे दागिने, लुगडे नेसण्याची तऱ्हा यांवरून त्यांची जात दुरून ओळखू येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात अशा खुणा टाकून देण्याचा उपदेश केला. तेथे ख्रिस्ती धर्माचा काहीही संबंध नव्हता. नथ व गोठ उतरविणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीच्या मनात तीमथ्यपत्रातील वचन किती आणि गावकुसाबाहेरची ओळख पुसण्याची इच्छा किती, हे वेगळे काढता येत नाही.

गोंदणाच्या बाबतीत प्रश्न एका अर्थाने सोपा होता, कारण ते उतरविता येत नव्हते. बाप्तिस्म्याच्या वेळी बहुतेक प्रौढ स्त्रियांच्या अंगावर ते आधीच असे. जुन्या जीवनात केलेल्या गोष्टी बाप्तिस्म्याने मागे पडतात, या सर्वमान्य तत्त्वानुसार ते दोषास्पद धरले गेले नाही. पुढच्या पिढीच्या मुलींना गोंदवू नये, एवढ्यावर भर राहिला. वसतिगृहे व मिशनच्या शाळा यांत वाढलेल्या मुली यात्रेला जात नसत, त्यामुळे उपदेशापेक्षाही या वेगळेपणाचा परिणाम अधिक झाला असावा. परिणामी एकाच घरात प्रार्थना करणारी आजी देवीची पावले दंडावर वागवीत आहे आणि नातीचे हात कोरे आहेत, असे दृश्य दोन पिढ्या दिसत राहिले. साध्या राहणीच्या नियमाला ज्या शोभेपुढे हात टेकावे लागले, ती गरिबातल्या गरिबाची ही शोभा होती.

या काळातील सर्व मराठी ख्रिस्ती विचार मिशनरी नियमांमागे गेला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर कीर्तन, अभंग, भारतीय वेश यांचा ख्रिस्ती जीवनात हेतुपूर्वक उपयोग केला. मराठी राहून ख्रिस्ती होता येते, ही त्यांची भूमिका होती. दागिने व खुणा यांविषयीच्या पुढील उदार मतांना तिचा आधार मिळाला.

सांप्रतची मते : रोमन कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात गोंदणाचा उल्लेख नाही. पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१८ मध्ये रोम येथे तरुणांच्या सभेपूर्व मेळाव्यात एका प्रश्नाला उत्तर देताना गोंदणाला घाबरू नये, असे सांगितले आणि एरिट्रियातील ख्रिस्ती लोकांच्या क्रुसांचा दाखला दिला. अतिरेकाबद्दल सावधगिरीची सूचनाही त्यांनी केली. नागपूर येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सामील झालेल्या परंपरांत हा विषय सामान्यतः व्यक्तीच्या विवेकावर सोपविला जातो. खाण्यापिण्याच्या मतभेदांविषयी पौलाने रोमकरांस दिलेला सल्ला (अध्याय १४) त्यासाठी दाखविला जातो. पेंटेकॉस्टल मंडळ्यांतील अनेक गट मात्र आजही दागिने वर्ज्य मानतात. केरळात हा आग्रह इतका ठळक आहे की, रिकामे कान हीच तेथे या पंथाची ओळख झाली आहे. खूण टाकून देणे हीही अखेर एक खूणच ठरते, हे यावरून दिसते.

लेवीयातील नियम ख्रिस्ती माणसाला लागू आहे काय, हा मूळ वाद अद्याप मिटलेला नाही. त्याच अध्यायातील दोन प्रकारच्या सुतांचे कापड न वापरण्याचा नियम (१९:१९) कोणी पाळत नाही, असा एका पक्षाचा युक्तिवाद आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञाही त्याच अध्यायात आहे (१९:१८), याकडे दुसरा पक्ष बोट दाखवितो. अलीकडे त्यात आरोग्याच्या कारणाची भर पडली आहे. यात्रेत विजेच्या यंत्राने गोंदताना एकच सुई अनेकांना वापरली गेल्यास यकृतशोथ ब व एच्‌आयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. मराठी ख्रिस्ती मुलींचे कान आता लहानपणीच सोनाराकडे किंवा दवाखान्यात टोचले जातात आणि बहुतेक मंडळ्यांत त्याची चर्चाही होत नाही. चर्चा होते ती शहरात शिकणाऱ्या मुलाने मनगटावर क्रूस गोंदवून घेतला म्हणजे. त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांना लेवीयातील वचन आठवते, आणि कॉप्ट लोकांची ही जुनी खूण त्या मुलाला बहुधा ठाऊक नसते.